टिपण कसें करावें?

परीक्षा जवळ आली म्हणजे पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वह्या भरलेल्या, पण मनें रिकामीं आढळतात. पुस्तकांतील वाक्यें जशींच्या तशीं उतरून काढण्यांत हात श्रमतो, बुद्धि मात्र स्वस्थ बसते. अशा नकलेस आम्ही टिपण म्हणत नाहीं. ऐकलेलें वा वाचलेलें समजून घेऊन त्याचें सार स्वतःच्या शब्दांत लिहिणें, हेंच खरें टिपण होय.

या कामीं आदर्श शोधण्यास दूर जावयास नको. सुलतानपुराच्या शेजारच्या मेहकर व लोणार या गांवीं श्रीचक्रधरस्वामींचा संचार झाला होता. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडांतील ऋद्धिपूर येथें नागदेवाचार्यांकडून ऐकून टिपल्या. तेवढ्यावर संतोष न मानतां, ज्यांनीं ते प्रसंग प्रत्यक्ष पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन त्या पडताळून घेतल्या. असें 'लीळाचरित्र' सिद्ध झालें. पुढें मूळ पोथी नष्ट झाली, असें परंपरा सांगते. तेव्हां शिष्यांनीं ती स्मरणानें पुन्हा लिहिली व तिचे निरनिराळे पाठ झाले. लेख पडताळलेला असावा आणि स्मरणही पक्कें असावें, हा यांतील बोध.

दोन्ही साधण्याची एक सोपी रीत अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत वॉल्टर पॉक यांनीं विसाव्या शतकांत प्रचारांत आणली. पानाच्या डावीकडे रुंद समास सोडावा. वर्गांत ऐकलेलें उजवीकडे थोडक्यांत लिहावें, उदाहरणार्थ, "लोणार सरोवर: अशनीच्या आघातानें झालें, खडक बेसाल्ट, विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर." घरीं आल्यावर पुस्तकाशीं ताडून चुका सुधाराव्या, आणि समासांत प्रश्न लिहावा: "लोणार सरोवर कशानें झालें?" मग उजवी बाजू झांकून उत्तर आठवावें. हें त्याच दिवशीं करावें. कारण विस्मरण पहिल्या कांहीं तासांतच अतिशय वेगानें होतें, असें जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनीं १८८५ सालीं स्वतःवरील प्रयोगांनीं दाखविलें. आठ दिवसांनीं पुन्हा उजळणी करावी.

पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलाची वही किती भरली हें पाहूं नये. समासांतील एखादा प्रश्न विचारून उत्तर ऐकावें. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं मुलाकडूनच प्रश्न वाचवून घ्यावा व वही मिटावयास सांगावें. अडखळत कां होईना, मूल स्वतःच्या शब्दांत सांगूं लागलें, कीं विद्या त्याची झाली असें समजावें.