आरोग्यसेवेतील पर्यवेक्षकाचे काम

डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक ही नावे आता आपल्या घरोघरी परिचयाची झाली आहेत. परंतु या मंडळींच्या कामावर देखरेख करणारा जो पर्यवेक्षक, त्याचा आपण फारसा विचार करीत नाही. त्याचे नाव निघताच डोळ्यांपुढे इन्स्पेक्टर उभा राहतो. शाळेत तपासणी आहे म्हटले की भिंती पुसल्या जातात, हजेरीपट नीट होतात आणि साहेबांची गाडी वळली की सारे पूर्ववत सुरू! याला देखरेख म्हणणे कठीण आहे. शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी सरावपाठ देत असता मागच्या बाकावर वही घेऊन बसणारे प्राध्यापक आणि पाठानंतर होणारी चर्चा, हे उदाहरण त्याहून जवळचे आहे.

ज्या वैनगंगेकाठी आपले बालाघाट वसले आहे, तीच नदी पुढे गडचिरोली जिल्ह्याच्या कडेने वाहते. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. बाळाला जंतुदोष झाला आहे हे ओळखून घरीच इंजेक्शन देण्यापर्यंत त्यांची तयारी करण्यात आली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांहून ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आरोग्यदूतांचे कौतुक सर्वत्र झाले व ते योग्यच होते. पण दर पंधरवड्याला गावात येऊन त्यांच्या नोंदी पडताळणारा, चुकले असेल ते समजावून देणारा पर्यवेक्षक कोणाच्या लक्षात राहिला? त्या फेरीवाचून एवढी जोखीम त्यांच्या हाती सोपविणे शक्य झाले असते, असे मला वाटत नाही.

शरीराच्या बाबतीत निदान वजनकाटा असतो, तापमापक असतो. मनाच्या दुखण्यात तेही नाही. समुपदेशन बंद दाराआड चालते. आत काय बोलणे झाले हे दोघांनाच ठाऊक. मग ते बरे झाले की वाईट, हे ठरवावे कसे? गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने याचे एक उत्तर शोधले. तेथे १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र उदासीनतेच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी झाली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण रीतसर प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींत उपचार केला. तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते यामागचे काम. बैठकींचे ध्वनिमुद्रण होई. समुपदेशक एकत्र बसून ते ऐकत, ठरावीक मोजपट्टीने गुण देत आणि चर्चा करीत. आरंभी तज्ज्ञ ही चर्चा चालवीत. पुढे समुपदेशकच एकमेकांचे पर्यवेक्षक झाले.

अशा चर्चेत काय होत असेल? समजा, एखादी स्त्री सांगते की नवरा दारू पितो, रात्री झोप लागत नाही. समुपदेशक चटकन म्हणते, “ताई, विचार करू नका, सर्व ठीक होईल.” इन्स्पेक्टर येथे शेरा मारील. जाणता पर्यवेक्षक विचारील, “हे तुम्ही म्हणालात तेव्हा त्या बाईंचे बोलणे संपले होते का?” पुष्कळदा उत्तर त्या प्रश्नातच असते. आपणा शिक्षकांना तर ही उपदेशाची घाई जन्माचीच जडलेली!

पर्यवेक्षकाने रुग्ण आपल्या हाती ओढून घेऊ नये, हे खरे. मात्र एक अपवाद आहे. “आता जगावेसे वाटत नाही,” असे रुग्णाच्या तोंडून निघाले, तर त्याचा निर्णय समुपदेशकावर एकट्यावर टाकता येत नाही. त्या वेळी पर्यवेक्षक तासाभरात मिळाला पाहिजे; महिन्याच्या सभेपर्यंत थांबणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. दुसरी बाब गोपनीयतेची. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ती रुग्णाचा हक्क ठरविली आहे. म्हणून ध्वनिमुद्रणाला रुग्णाची संमती हवी आणि चर्चेत नावगाव येता कामा नये. लहान गावात तर ‘अमक्याची सून’ एवढे शब्दही पुरेसे होतात.

ऐकणाऱ्याच्या मनावरही ओझे साचते. दिवसभर परक्यांची दुःखे ऐकून घरी गेलेली मुलगी जेवताना गप्प राहिली, तर तिला अबोल म्हणून दोष देण्यापूर्वी घरच्यांनी हे ध्यानात घ्यावे. ते ओझे उतरविण्याची जागा देणे हेही पर्यवेक्षकाचेच काम. कारण घरी ती काहीच सांगू शकत नाही.

आपल्या मध्य प्रदेशातही सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना गोव्याच्याच पद्धतीचे शिक्षण देण्यात आले आहे. उद्या बैहरकडच्या रानातील गावांत असे काम उभे राहिले, तर तेथील आशेला दर आठवड्याला बालाघाटास बोलाविणे परवडणार नाही. फोनवर काही भागेल, तेही रेंज असेल तेथे. तेव्हा पर्यवेक्षकाचा प्रवासखर्च आणि त्या चर्चेचा तास, या दोन्ही गोष्टी पहिल्याच अंदाजपत्रकात लिहिलेल्या असाव्या लागतील.