जुन्या मोटारसायकलीचे झिजलेले भाग : कोणते दुरुस्त करावेत, कोणते बदलावेत

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर, भिवंडी व कल्याण या तालुक्यांत मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिली नसून शेतीच्या अवजारांपैकीच एक होऊन बसली आहे. भात निघाल्यावर त्याच जमिनीत घेतलेली भेंडी पहाटे कल्याणच्या बाजारात पोचवावयाची, दुधाचे कॅन डोंबिवलीस न्यावयाचे, खताची गोणी सोसायटीतून आणावयाची, ही सारी कामे तिच्याकडून करून घेतली जातात. अशी दहा-पंधरा वर्षे राबलेली गाडी ऐन हंगामात बंद पडली, तर तोडलेली भेंडी दुपारपर्यंत कोमेजते आणि दुधाचे तर बोलावयासच नको.

गाडी गॅरेजात नेली म्हणजे बहुधा दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक मिस्त्री म्हणतो, सारे इंजिन बदलल्याशिवाय इलाज नाही. दुसरा म्हणतो, काही बदलू नका, मी पत्रा घालून चालू करून देतो. पहिला सल्ला खिशास जड पडतो व दुसरा कधीकधी जिवावर बेततो. फाळ बोथट झाला म्हणून कोणी नांगर मोडीत काढीत नाही. लोहाराकडून तो शेवटून घेतात. परंतु तडकलेल्या जुवाला दोरी गुंडाळून भरली बैलगाडी घाट उतरविण्याचे धाडस कोणताही जाणता गाडीवान करीत नाही. मोटारसायकलीच्या बाबतीत शेवटण्याजोगा फाळ कोणता व तडकलेले जू कोणते, हे ओळखता आले पाहिजे.

प्रथम इंजिनाचा विचार करू. आपल्या भागात हिरो होंडाच्या सीडी १०० (सन १९८५) व स्प्लेंडर (सन १९९४) या घराण्यातील गाड्या फार दिसतात. त्यांच्या इंजिनाचा बोअर ५० मि.मी. व स्ट्रोक ४९.५ मि.मी. असून त्यावरून ९७.२ घनसेंटिमीटर हे माप येते. पिस्टन वरखाली होताना सिलिंडरची भिंत सर्वत्र सारखी झिजत नाही. वरच्या बाजूस, जेथे रिंग परत फिरते, तेथे उष्णता अधिक व वंगण कमी असल्याने झीज जास्त होते; आणि पिस्टनचा रेटा ज्या दिशेस पडतो त्या दिशेने भोक किंचित लंबवर्तुळाकार होते. अगदी तळाशी जेथे रिंग पोचतच नाही, तेथे मूळचे माप जवळजवळ तसेच राहते. म्हणून वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांनी माप घेतल्याखेरीज ब्लॉक गेला की राहिला हे सांगता येत नाही. नुसते बोट फिरवून निदान करणाऱ्या मिस्त्रीवर या एका बाबतीत तरी विसंबू नये.

झीज झाली म्हणून ब्लॉक टाकून देण्याचे कारण नाही. कारखानदाराने ही गोष्ट आधीच धरलेली असते. म्हणूनच मूळ मापापेक्षा ०.२५, ०.५०, ०.७५ व १.०० मि.मी. मोठे पिस्टन व रिंगा बाजारात मिळतात. म्हणजे ५० मि.मी.चा बोअर क्रमाक्रमाने ५१ मि.मी.पर्यंत नेता येतो. तेही संपल्यास जुनी भिंत कापून नवी स्लीव्ह बसविता येते व मूळ माप परत मिळते. पाण्याच्या डिझेल इंजिनाचा लायनर बदललेल्या शेतकऱ्यास ही गोष्ट नवी वाटणार नाही. येथे एकच क्रम पाळावयाचा आहे. आधी पिस्टन विकत घ्यावा, तो लेथवाल्याच्या हातात द्यावा आणि त्याच्या मापावरून बोअर करून घ्यावा. आधी बोअर करून मग पिस्टन शोधण्याचा उलटा क्रम ठेवल्यास फट जास्त राहते व गाडी काही महिन्यांत पुन्हा धूर टाकू लागते. बोअर झाल्यावर होनिंग करून भिंतीवर तिरप्या बारीक रेघा पाडलेल्या असाव्यात. त्यांत तेल धरून राहते. आरशासारखी चकचकीत भिंत पाहून खूश होऊ नये. पुढील सुमारे ५०० कि.मी. गाडी बेताच्या वेगाने, हलक्या ओझ्याने चालवावी व त्यानंतर तेल बदलावे.

परंतु बोअर करावयाचा की नाही, हा प्रश्न धुरावरून सोडवावा लागतो. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. चढावर किंवा वेग देताना धूर सतत येत असेल तर रिंगांवर संशय घ्यावा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना किंवा उतारावर वेग सोडून पुन्हा देताना तेवढा भपका येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. ते अगदी स्वस्त असून त्यासाठी ब्लॉक उघडण्याचीही गरज नसते. खात्री करण्यासाठी कॉम्प्रेशन गेज लावून दाब पाहावा, मग प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा पाहावा. दुसऱ्या वेळी दाब चांगला वाढला तर गळती रिंगांतून आहे. वाढला नाही तर व्हॉल्व्हमधून. ही परीक्षा दहा मिनिटांची आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी गटासाठी एक कॉम्प्रेशन गेज, एक फीलर गेज व एक व्हर्निअर घेऊन ठेवण्यास काहीच अडचण नसावी. पंपाच्या इंजिनासही ती साधने उपयोगी पडतात.

व्हॉल्व्हची गळती असेल तर नवे व्हॉल्व्ह घेण्यापूर्वी लॅपिंग करून पाहावे. बारीक पेस्ट लावून व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर घासला असता सभोवती सलग करडा पट्टा उमटला पाहिजे. हेड उलटे ठेवून त्यात थोडे रॉकेल ओतावे. पाझरले नाही तर काम साधले. व्हॉल्व्हची कड जळालेली किंवा दांडी वाकलेली असल्यास मात्र तो बदलावा. फट ठेवताना कानाने अंदाज घेऊ नये. या इंजिनांत ती अवघी ०.०५ मि.मी. असते व इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजावयाची असते. आवाज नको म्हणून फट अगदी मिटवून टाकणारे पुष्कळ आहेत. त्याने व्हॉल्व्ह पुरता बसत नाही व थोड्याच दिवसांत जळतो.

हेडमधील प्लगचे आटे गेले, ही तक्रारही नेहमीची. हेड ॲल्युमिनियमचे, प्लग पोलादाचा; तिरपा लावून पाना मारला की आटे उखडतात. म्हणून नवे हेड घेऊ नये. भोक मोठे करून, आटे पाडून, त्यात पोलादी बुश किंवा तारेचे आटे बसविता येतात व ते मुळापेक्षा टिकाऊ असतात. मात्र हेड काढूनच हे काम करावे. गाडीवरच केले तर कीस सिलिंडरात पडतो आणि शंभर रुपयांच्या कामापायी हजारोंचे काम निघते.

एवढे सारे करूनही एअर फिल्टर फाटलेला ठेवला, तर खर्च वाया गेला असे समजावे. मुरमाच्या रस्त्याची व मळणीची धूळ आत गेली की नवी रिंगही कानशीने घासल्याप्रमाणे झिजते.

क्रँकच्या मोठ्या बेअरिंगविषयी थोडक्यात सांगतो. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलविला असता खडखडला तर ते गेले. बाजूस किंचित सरकणे हा दोष नव्हे. रॉडचा संच मिळतो व क्रँक दाबयंत्राने उघडून तो बसविता येतो, परंतु नंतर क्रँक सरळ फिरतो की नाही हे डायल गेजवर पाहणारा कारागीरच गाठावा. हातोड्याने क्रँक उघडणाऱ्याच्या हाती तो देऊ नये.

लेथच्या कामासाठी आपणांस दूर जावे लागत नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ सन १९६२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या ठाण्यातील वागळे इस्टेटमध्ये व डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत आणि त्यांच्या आसपास बारीकसारीक लेथकाम करणारे पुष्कळ आहेत. मागच्या चाकाचा दांडा ज्यावर झुलतो त्या स्विंग आर्मचे धातूचे बुश, स्टँडची पिन, ब्रेक पेडलचा बुश हे भाग तेथे गनमेटलमध्ये करून मिळतात. जाताना झिजलेला बुश व त्यात फिरणारी पिन अशा दोन्ही वस्तू न्याव्यात. एकटा बुश नेला तर माप कशावरून घ्यावयाचे हा प्रश्न उरतो. रबर भरलेले बुश मात्र नवेच घ्यावेत. दोन्ही बाजूंस दुधाचे कॅन टांगणाऱ्यांनी महिन्यातून एकदा गाडी मुख्य स्टँडवर चढवून मागचे चाक आडवे हलवून पाहावे. खुळखुळ आढळल्यास बुश, हबचे बेअरिंग अथवा सैल स्पोक यांपैकी एक कारण निघते, व तिन्ही वेळीच दुरुस्त होतात.

आता तडकलेल्या जुवाकडे येऊ. चेन लांबली म्हणून एक कडी काढून ती पुन्हा जोडतात, यास दुरुस्ती म्हणता येणार नाही. या चेनच्या कडीचे अंतर १२.७ मि.मी. असते, म्हणून चेन ताणून वीस कड्या मोजल्या तर २५४ मि.मी. भरावयास हव्यात. २५९ मि.मी.च्या पुढे गेल्यास चेन व दोन्ही स्प्रॉकेट यांचा संच एकदमच बदलावा. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन घातल्यास तीही लवकर जाते. आकड्यासारखे झालेले दात वेल्डिंगने भरून घेण्याच्या भानगडीत पडूच नये.

ब्रेकच्या बाबतीत तर मी अधिक स्पष्ट बोलतो. शूचे लायनिंग झिजले की कॅमवर किंवा शूच्या टोकावर पत्र्याची टोपी चढवून ब्रेक घट्ट करण्याची पद्धत गावोगाव आहे. तिच्यामुळे ब्रेक लागतो खरा, परंतु लायनिंग मूळचेच संपलेले असल्याने कॅम गरजेपेक्षा अधिक फिरतो व एखादे वेळी आडवा होऊन तेथेच अडकतो. चाक जागीच बसते. हे माळशेज घाटात, पावसात, मागे भाजीच्या पाट्या असताना घडले तर काय होईल, याचा विचार वाचकांनीच करावा. लायनिंग २ मि.मी.वर आले की शू बदलावेत. मागच्या शूला कारखान्यात उष्णतेने चिकटवून नवे लायनिंग लावून घेता येते. पुढच्या चाकाला मात्र मी नवे शूच घ्यावयास सांगेन. ड्रमवर चरे पडले असल्यास लेथवर हलका हात फिरविता येतो; तथापि ११० मि.मी.चा ड्रम १११ मि.मी.च्या पुढे गेला की तो टाकाऊ समजावा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ड्रममधील भुकटीवर फुंकर किंवा हवा मारू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. तुटू लागलेली ब्रेकची तार, चिरलेला टायर, वाकलेला ॲक्सल व वेल्डिंग केलेले हँडल यांना दुरुस्ती नाही.

पेट्रोलच्या टाकीस छिद्र पडल्यास ती रिकामी आहे असे समजून वेल्डिंगला देणे अत्यंत धोक्याचे आहे. पेट्रोल संपले तरी वाफ राहते व तीच भडकते. याविषयी आणखी एक नवी गोष्ट लक्षात ठेवावी. सन २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले आणि सन २०२५ मध्ये देशात सरासरी हेच प्रमाण गाठले गेले. आपल्याच ऊस-मक्यापासून होणारे हे इंधन असले, तरी जुन्या कार्ब्युरेटरमधील रबरी सील व नळ्या त्याने फुगू अथवा कडक होऊ शकतात. गळती दिसताच त्या बदलून घ्याव्यात. इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात टाकीचे झाकण सैल राहिल्यास पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो व गाडी मध्येच बंद पडते. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहिल्यास तो थर दिसतो. तसे झाल्यास सारी टाकी रिकामी करण्याशिवाय गत्यंतर नाही.

पाण्याचा विषय निघाला म्हणून पुराचेही सांगणे भाग आहे. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापूर परिसरात शिरले होते. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. अशा वेळी बुडालेली गाडी पाणी ओसरताच किक मारून पाहण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरावा. सिलिंडरात पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि रॉड वाकतो. आधी बॅटरीची तार सोडवावी, प्लग काढावा व त्यानंतरच किक सावकाश दाबून पाणी बाहेर काढावे. इंजिनातील तेल चहासारखे दुधाळ झाले असल्यास ते पूर्ण काढून स्वस्त तेल भरावे, इंजिन थोडा वेळ चालवून तेही काढावे, आणि दुधाळपणा जाईपर्यंत हे पुन्हा करावे. कार्ब्युरेटरची वाटी, एअर फिल्टरची पेटी व दोन्ही ब्रेक ड्रम उघडून कोरडे करावेत, चाकांच्या बेअरिंगला नवे ग्रीस भरावे. हे काम एक-दोन दिवसांतच व्हावयास हवे. आठवडाभर गाडी तशीच राहिल्यास सिलिंडरमध्ये गंज धरतो व बोअर करण्यावाचून उपाय उरत नाही.

गाडीवर मोठा खर्च करण्यापूर्वी तिची कागदपत्रे काढून पाहावीत. नोंदणी पंधरा वर्षांची असते; पुढे गाडीची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्यासाठी नमुना २५ मध्ये परिवहन कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो, आणि ब्रेक, दिवे, धूर हेच तेथे पाहिले जात असल्याने दुरुस्ती या तपासणीच्या आधी करून घेणे सोयीचे पडते. बोअर केल्याने किंवा ब्लॉक बदलल्याने इंजिनाचा क्रमांक बदलत नाही, कारण तो क्रँककेसवर कोरलेला असतो. क्रँककेसच बदलावा लागला तर मात्र बिल जपून ठेवावे व नव्या क्रमांकाची नोंद कार्यालयात करून घ्यावी. भंगारातून आणलेला बिनकागदाचा क्रँककेस कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.