घोडा पळतो पायांनी, जिंकतो नाकानं

पोरी, उड्यांच्या स्पर्धेला उतरायचं म्हणून तू नवं खोगीर घेतलंस, पायांना पट्ट्या घेतल्यास, झूलसुद्धा रंग जुळवून आणलीस. छान दिसतो हो तुझा घोडा! आता जरा त्याच्या नाकाकडे बघ. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, सगळा कारभार नाकपुड्यांवर. उभा असताना मिनिटाला साठ-सत्तर लिटर हवा लागते, भरधाव पळताना 1500 लिटरच्या वर. पाय सुजला तर साऱ्या तबेल्याला दिसतो, श्वासनळी आतून सुजली तर बाहेरून काही कळत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात तर गवत दमट, हवा कोंदट. म्हणून हे चार शब्द. वाच, आणि सईसदादांनाही वाचून दाखव.

1. रोज पहाटे, चंदी द्यायच्या आधी, घोडा शांत उभा असताना त्याच्या बरगडीमागे बघून मिनिटाचे श्वास मोज आणि फळ्यावर लिही – निरोगी घोड्याचे 8 ते 16 असतात, पण तुझ्या घोड्याचा रोजचा आकडा माहीत असेल तरच वाढलेला ओळखू येतो.

2. फेऱ्या सुरू करताना एक-दोनदा खोकला, की "घसा मोकळा करतोय" म्हणून पुढे जाऊ नकोस – ऐकलेल्या एका खोकल्यामागे न ऐकलेले कितीतरी असतात.

3. गवताचा गठ्ठा विकत घेण्याआधी मधोमध उघडून हुंग. धुरळा उठला किंवा कुबट वास आला तर फुकट मिळालं तरी परत पाठव – बुरशीची बीजं इतकी बारीक असतात की थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, आणि घोड्याच्या दम्याचं मूळ बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

4. वाळलं गवत देण्याआधी अर्धा तास पाण्यात पूर्ण बुडवून ठेव – वरून शिंपडलं तर वरची धूळ बसते, आतली तशीच नाकात जाते.

5. पण रात्रभर भिजत ठेवू नकोस, आणि खाऊन उरलेलं तासातासात उचल – जास्त भिजलं की त्यातली साखर आणि क्षार पाण्यात जातात, आणि आपल्या उकाड्यात ते लगेच आंबतं.

6. लसूणघास किंवा दुसरा हिरवा चारा वाढवायचा असेल तर आठवडा-दहा दिवसांत थोडाथोडा वाढव – ओल्या चाऱ्यात धूळ नसते खरी, पण घाईनं बदललेली वैरण पोटशूळ आणते.

7. चंदी, कोंडा, भुसा, जे काही देशील ते ओलसर कालवून दे – कोरड्या दाण्याची पूड तोबऱ्यात नाकाला चिकटूनच असते.

8. वैरण उंच जाळीत टांगू नकोस, खाली ठेव – मान खाली गेली की श्वासनळीतला चिकटा आपोआप बाहेर उतरतो, आणि जाळी ओढताना उडणारी धूळ नाकासमोर येत नाही.

9. झाडलोट आणि खरारा घोडा ठाणातून बाहेर काढल्यावरच, आणि आधी जमिनीवर पाणी शिंपडून – केर निघाला तरी धूळ बराच वेळ हवेत तरंगते, म्हणून आत आणायची घाईही नको.

10. ठाणात गुडघ्यांवर बसून एकदा वास घे. डोळ्यांना झोंबलं तर ओलं अंथरूण लगेच काढायला सांग – मुताचा अमोनिया खाली साठतो, आणि घोडा बसतो-झोपतो तिथंच. उभ्यानं घेतलेला वास मालकाचा, बसून घेतलेला घोड्याचा.

11. पेंढ्यापेक्षा धूळ चाळून काढलेला लाकडाचा भुगा बरा, आणि शेजारच्या ठाणाकडेही लक्ष दे – तुझा घोडा शेजाऱ्याच्या पेंढ्याचीच हवा ओढतो, तेव्हा शेजाऱ्याशी गोडीनं बोल.

12. गवत ठाणांच्या वरच्या माळ्यावर रचू नकोस. वेगळ्या खोलीत, जमिनीपासून उचललेल्या फळ्यांवर ठेव – वरची धूळ दिवसभर खाली गळते, आणि खालची ओल गवतात चढते.

13. पाऊस आला म्हणून साऱ्या खिडक्या लावून घेऊ नकोस – गार वाऱ्याला झूल असते, कोंडल्या हवेला औषध नसतं.

14. डास-चिलटांसाठी कडुनिंबाची किंवा शेणीची धुरी बंद कर. संध्याकाळी आणि पहाटे पंखा लाव – बारीक चिलटं वाऱ्यात उडू शकत नाहीत, आणि धूर मात्र घोड्याच्याच छातीत बसतो.

15. आयाळीत किंवा शेपटीच्या मुळाशी घासून घासून केस गेले असतील तर ती खोड समजू नकोस – बहुतेकदा ती चिलटांच्या चाव्याची अ‍ॅलर्जी असते.

16. अंगावर गांधी उठल्या तर नवं काय खाल्लं, कुठला फवारा मारला, कुठलं औषध दिलं ते लगेच लिहून ठेव – पण तोंड सुजलं किंवा श्वास जड झाला तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना फोन.

17. रिंगणावर सरावाआधी पाणी मारून घे, आणि पुढच्या घोड्याच्या धुरळ्यात पळवू नकोस – पळणारा घोडा हवेबरोबर धूळही कितीतरी पट जास्त ओढतो.

18. दिल्ली-बंगळूरच्या स्पर्धेला नेताना दर चार तासांनी थांबून त्याला मान खाली घालू दे – तासन् तास मान वर बांधली की श्वासनळीत जंतू साठतात, आणि पोचल्यावर तापानं गाठतात.

19. प्रवासानंतर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघ, 38.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर घोडा वेगळा बांध – दम्याला ताप नसतो, ताप म्हणजे संसर्ग.

20. नाकातून चिकट पू आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर हातमोज्यांशिवाय हात लावू नकोस, पशुवैद्यकीय खात्याला कळव – ग्लँडर्स असेल तर तो माणसालाही होतो, आणि कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे.

21. फ्लूनंतर तापाच्या प्रत्येक दिवसामागे एक आठवडा विश्रांती दे – श्वासनळीचं अस्तर नव्यानं भरून यायला किमान तीन आठवडे लागतात, मग स्पर्धेची तारीख काहीही असो.

22. पळताना श्वास आत घेतेवेळी शिटी किंवा घरघर ऐकू आली, किंवा नंतर नाकातून रक्त आलं, तर पुसून गप्प बसू नकोस – शिटी बहुधा स्वरयंत्राच्या लुळ्या बाजूची आणि रक्त फुप्फुसातलं. दुर्बीण घातल्याशिवाय खरं कळत नाही.

23. श्वास सोडताना पोट ओढलं जातंय आणि बरगडीखाली रेघ उमटली आहे असं दिसलं, तर त्या दिवशी सराव नाही – ती रेघ म्हणजे श्वास ढकलून ढकलून जाड झालेला स्नायू, दुखणं जुनं झाल्याची खूण.

24. दुसऱ्याच्या घोड्याला लागू पडलेली पुडी आपल्या घोड्याला देऊ नकोस – स्टिरॉइडनं खुरांचा दाह होऊ शकतो, आणि दम्याची बरीच औषधं स्पर्धेच्या चाचणीत पकडली जातात. औषध किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टरांकडून लिहून घे.

25. औषधानं बरं वाटलं म्हणून कोरड्या गवतावर परत जाऊ नकोस – औषध सूज उतरवतं, धूळ ती पुन्हा चढवते. पागेतली धूळ आधी, पुडीतलं औषध नंतर.

एवढं सगळं एका दिवसात करायला जाशील, मला माहीत आहे तुझा स्वभाव! तसं नको. आज गवत भिजवायला एक पिंप आण, उद्यापासून श्वास मोज. पहिले तीन-चार आठवडे फारसा फरक दिसला नाही तरी सोडू नकोस, कारण छाती हळूहळूच निवते. आणि सईसदादांना रोज विचार, "रात्री खोकला का?" रात्रीचं त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.