खोली सुटली, पेटी कुठे ठेवायची?

मुंबईत भाड्याची खोली सुटली की पहिल्या रात्री झोपायचं कुठे याचाच घोर असतो. सामान ही केवढी अडचण आहे ते दुसऱ्या सकाळी कळतं. बॅगेपाशी बसलात तर मजुरीचा नाका चुकतो, नाका चुकला की रोजी बुडते. जागेचा खर्च मोजताना ही बुडणारी रोजी आधी धरा.

पहिलं आठवतं ते स्टेशनचं क्लोकरूम. प्रवासाचं तिकीट लागतं, बॅगेला कुलूप लागतं. दर स्टेशनागणिक वेगळे, तेव्हा फलक वाचा. नगाला दिवसाचे 20 रुपये धरले तरी दोन नगांचे महिन्याला 1,200 होतात. चार दिवसांची सोय म्हणून ठीक. फलाटावर मात्र बॅग सोडून चहालाही जाऊ नका. बेवारस दिसली की पोलीस उचलतात.

पालिकेच्या बेघर निवाऱ्यात जागा मिळाली तर कप्पा मागून घ्या. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निवाऱ्यांसाठीच्या सूचनांत सामानासाठी वैयक्तिक कप्पा धरलेला आहे. कुलूप आपलं न्या.

तेही नसेल तर ओळखीचा टपरीवाला किंवा खानावळवाला. बॅग त्याच्यासमोर उघडून दाखवा, आत काय आहे हे न कळता कोणी जोखीम घेत नाही. महिन्याचा आकडा आधीच ठरवा. ‘द्या काहीतरी’वर सोडलेला व्यवहार पुढे हमखास बिनसतो.

पण काही वस्तू बॅगेत नकोतच. आधार, रेशनकार्ड, दाखले यांच्या झेरॉक्स बॅगेत आणि मूळ प्रती अंगावर. शिंप्याकडून चड्डीला आतून चोरखिसा शिवून घ्या, तोंडाला बटण नको, चेन हवी, आणि कागद आधी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळा. घामाने शाई उतरते, हे पावसाळ्याआधीच लक्षात येतं. आधारशी मोबाईल जोडलेला असेल तर कागद ठेवायला सरकारी डिजिलॉकर ॲप फुकट आहे. खात्याकडून थेट तिथे आलेला दाखला मूळ प्रतीसारखाच चालतो. आपण फोटो काढून चढवलेल्याला तो मान नाही.

रोख बँकेत. कागद नसले तरी फोटो आणि सही किंवा अंगठ्यावर ‘छोटं खातं’ उघडता येतं. शिल्लक 50,000 पर्यंत, महिन्याला 10,000 काढता येतात. मुदत 12 महिने. तेवढ्यात ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला की आणखी 12. काउंटरवर ‘पत्त्याचा पुरावा आणा’ म्हणाले तर खात्याचं हे नाव घेऊन विचारा.

आणि आजच फोनवर *#06# दाबा. येणारा 15 आकडी नंबर झेरॉक्सच्या मागे लिहून ठेवा. फोन गेला तर पोलिसांत तक्रार करून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो बंद करताना हाच नंबर विचारतात.