बातमीदार की हेर?

प्रश्न : शीतयुद्धाच्या काळात परदेशी पत्रकारांना हेर ठरवून अटक होई. त्या आरोपांत काही तथ्य असे, की ते नुसते निमित्त?

उत्तर : निकोलस डॅनिलॉफ यांचेच प्रकरण पाहा. एका अमेरिकी साप्ताहिकाचे ते मॉस्कोतले प्रतिनिधी. मुक्काम संपत आला होता. 30 ऑगस्ट 1986 रोजी मीशा नावाच्या ओळखीच्या तरुणाचा निरोप घ्यायला ते लेनिन टेकड्यांवर गेले. त्याला त्यांनी स्टीफन किंगच्या कादंबऱ्या दिल्या. त्याने एक बंद पाकीट त्यांच्या हाती ठेवले; आत वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत, म्हणाला. मीशाची पाठ वळताच केजीबीच्या माणसांनी डॅनिलॉफना घेरले. पाकिटातून निघाले गुप्त शिक्क्याचे नकाशे आणि फोटो. रवानगी थेट लेफोर्तोवो तुरुंगात.

सापळ्याचे कारण न्यूयॉर्कमध्ये होते. आठवडाभर आधी, 23 ऑगस्टला, संयुक्त राष्ट्रांत नोकरीला असलेले सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ गेनादी झाखारोव जेट इंजिनाची गोपनीय कागदपत्रे घेताना पकडले गेले होते. त्यांना सोडवायचे तर बदल्यात द्यायला कुणी अमेरिकी हवा, आणि पत्रकाराला राजनैतिक संरक्षण नसते.

तरी सगळा दोष केजीबीच्या माथी मारता येत नाही. 1985 मध्ये डॅनिलॉफ यांच्याकडे अमेरिकी राजदूतांच्या नावाचे एक पाकीट आले. ते त्यांनी वकिलातीत नेऊन दिले, एवढेच. सीआयएने मात्र त्यावरून एका रशियन माणसाशी संपर्क साधताना या पत्रकाराचा हवाला दिला आणि केजीबीला आयता पुरावा मिळाला. हा बेजबाबदारपणा अक्षम्य होता. मुळात संशयाला खतपाणी गुप्तहेर संस्थांनीच घातले. सुमारे 50 अमेरिकी पत्रकार व माध्यम-कर्मचाऱ्यांचे सीआयएशी छुपे संबंध होते, असे अमेरिकी सिनेटच्याच चौकशीत 1976 मध्ये उघड झाले. सोव्हिएत हेर किम फिल्बी तर बैरूतमध्ये ब्रिटिश नियतकालिकांचा बातमीदार म्हणून वावरत होता. अशा मुखवट्यांची किंमत प्रामाणिक बातमीदार मोजतात.

डॅनिलॉफ 29 सप्टेंबरला मॉस्कोतून सुटले, झाखारोव दुसऱ्या दिवशी मायदेशी निघाले. हा तिढा सुटल्यावर ऑक्टोबरात रेगन-गोर्बाचेव्ह रेक्याविकला भेटले. डॅनिलॉफ यांच्यानंतर रशियात हेरगिरीच्या आरोपाखाली पकडला गेलेला पहिला अमेरिकी पत्रकार म्हणजे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चा एव्हन गेर्शकोविच, मार्च 2023 मध्ये. त्याला 16 वर्षांची शिक्षा झाली आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी कैद्यांच्या अदलाबदलीत तोही सुटला.