धुक्यातल्या लग्नाला निघण्याआधी

बाळा, माघातल्या तिथींना भंडारा, तुमसर, गोंदियाकडच्या लग्नांचे फोटो काढायचं काम घेतलंस म्हणे. छान केलंस. आता नागपूरच्या इतवारीतून बाहेर पडण्याआधी मामाचं एवढं ऐक.

१. लग्नाच्या पहाटे निघू नकोस, आदल्या संध्याकाळीच जाऊन पड — वाटेत मौद्याजवळ कन्हान लागते, भंडाऱ्याजवळ वैनगंगा. नदीकाठचं धुकं सकाळी लवकर उठत नाही, अगदी तुझ्यासारखं. मुहूर्ताला थांबणं नाही, धुक्याला घाई नाही.

२. रेल्वेनं जायचं तर इतवारीहूनच सुटणारी गाडी धर — दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तिकडच्या धुक्यात अडकल्या की नागपूरलाच तासन्‌तास उशिरा लागतात.

३. मोटारीनं गेलास तर धुक्यात अप्पर नको, डिप्परवरच चालव — धुक्यात फ्लॅश मारला की फोटोत पांढरे ठिपके येतात ना, तसाच तो उजेड उलटून तुझ्याच डोळ्यांत येतो.

४. गारठ्यातून माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये शिरलास की कॅमेरा लगेच काढू नकोस. बाहेरच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, हवा काढून तोंड घट्ट बांध, मग आत ने आणि अर्धा-पाऊण तास तसाच ठेव — दमट हवेचं पाणी पिशवीवर धरतं, काचेवर नाही. माझ्या हातून हे एकदा चुकलं. मी रुमालानं लेन्स पुसतोय, ती पुन्हा धुरकटतेय, आणि तेवढ्यात अंतरपाट दूर होऊन हार पडलेसुद्धा. पुढं नवरीच्या वडिलांसमोर अल्बम उघडताना माझे हात थरथरत होते. काचेला धीर दे, ती चेहरा देईल.

५. जादा बॅटऱ्या बॅगेत नको, स्वेटरच्या आतल्या खिशात ठेव — थंडीत त्या लवकर बसतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या सकाळी माझी भरलेली बॅटरी हळदीपुरतीही पुरली नाही. बसलेली बॅटरी टाकून देऊ नकोस, अंगाशी धर — ऊब मिळाली की थोडे फोटो अजून देते.

६. फेब्रुवारीत आभाळ भरून आलं तर मंडपाच्या लोखंडी खांबांजवळ उभा राहू नकोस — आपल्याकडे गारा येतात तेव्हा वीजही सोबत असते. कॅमेरा झाक, पण त्याआधी म्हाताऱ्या माणसांना पक्क्या छताखाली ने.

७. बिदाई झाली तरी रात्री परतू नकोस — धानाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला पुष्कळदा मागं दिवाच नसतो. मुक्कामात फोटोंनी भरलेली कार्डं बॅगेत न ठेवता अंगावरच्या खिशात, बटण लावून.

८. मामीनं लोकरीच्या हातमोज्यांचा उजवा अंगठा आणि पहिलं बोट कापून शिवून ठेवलंय, जाताना घेऊन जा — गारठलेल्या बोटाला बटण दाबलं गेलं की नाही, ते कळत नाही.