बियाण्यामागचा पैसा

रात्रीचा वर्ग भरला होता. गुरुजींनी फळ्यावर लिहिले : टीएजी-२४.

काकूंनी एकेक अक्षर लावून वाचले. "अगं बया! हे तर आमच्या भुईमुगाच्या बियाण्याचं नाव!"

गुरुजी म्हणाले, "बरोबर. टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला, जी म्हणजे ग्राउंडनट, भुईमूग. ट्रॉम्बे मुंबईत आहे. तिथे सरकारचे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे."

आबांनी विचारले, "अणूचा न् भुईमुगाचा काय संबंध, गुरुजी?"

गुरुजींनी समजावून सांगितले. शास्त्रज्ञांनी बियांवर किरण सोडले. मग ते बी पेरले. पुष्कळ रोपे निकामी निघाली. थोडी मात्र वेगळी निघाली. त्यांतली चांगली निवडली, त्यांचा संकर केला, पुन्हा पेरली. असे वर्षानुवर्षे चालले. १९७३ साली ट्रॉम्बेचे पहिले वाण बाहेर आले. टीएजी-२४ आले १९९१ साली, म्हणजे आणखी १८ वर्षांनी. याचे झाड ठेंगणे असते, पीक लवकर हाती येते.

"एवढी वर्षं पैसा कुणी पुरवला?" काकूंनी विचारले.

"तुम्ही, काकू! साबणाची वडी घेता, तिच्या किमतीत कर असतो. तो सरकारकडे जातो. त्यातला थोडा भाग संशोधनाला मिळतो. व्यापारी इतकी वर्षे थांबत नाही. फळ येईलच, अशी खात्रीही नसते. म्हणून हा भार सरकारने उचलायचा."

आबा जरा चिडले. "आमच्या वस्तीला अजून रस्ता नाही. आधी रस्ता करा, मग संशोधन!"

गुरुजी रागावले नाहीत. "आबा, रस्ता मागा. मागायलाच हवा. पण संशोधनावर किती जाते, तेही पाहा. २०२०-२१ साली देशाच्या उत्पन्नातल्या दर १०० रुपयांमागे सुमारे ६४ पैसे संशोधनावर खर्च झाले. यात सरकार आणि कारखानदार दोघेही आले. दक्षिण कोरिया त्याच सुमारास ४ रुपयांहून अधिक खर्च करत होता. पुढे २०२३ साली आपल्या संसदेने संशोधनासाठी नवा कायदा केला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करायचे ठरले. त्यांत सरकारचे १४,००० कोटी, बाकीचे इतरांकडून."

"अन् हिशेब कोण बघतं?"

"सरकारचा खर्च संसद मंजूर करते. महालेखापरीक्षक हिशेब तपासतात. त्यांचा अहवाल संसदेपुढे येतो. आपण वाचायला शिकलो, तर आपणही विचारू शकतो."

आबांनी पाटी पुढे ओढली. म्हणाले, "मग रस्त्याचा अर्जही शिकवा, गुरुजी. न् तो हिशेब कसा वाचायचा, तेही."

प्रश्न
१. टीएजी-२४ या नावातल्या अक्षरांचे अर्थ लिहा.
२. संशोधनाचा भार व्यापारी का उचलत नाही?
३. आबांचे म्हणणे तुम्हांला पटते का? वर्गात बोला.
४. आपल्या घरातल्या बियाण्याच्या पिशवीवरील नाव वाचून पाटीवर लिहा.